भट्टीवरची नानकटाई घरच्या ओव्हनमध्ये का होत नाही?

जाईचा_वेल

माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं, पाथरीच्या बाजूचं. गाव गोदावरीपासून दोन कोसांवर. पिठाच्या गिरणीला लागून एक बेकरी होती, पण तिला बेकरी कुणी म्हणायचं नाही आणि पाटीही नव्हती. सगळे 'भट्टी'च म्हणायचे. "भट्टीवर जाऊन ये", "भट्टीवरून टोस आण", एवढंच.

दिवाळीच्या आठ दिवस आधी भट्टीवर नंबर लावावा लागायचा. आई आदल्या रात्रीच सामान काढून ठेवायची. मैदा दोन किलो, पिठीसाखर दीड किलो, डालडा दीड किलो, आणि वेलदोडे व अर्धं जायफळ कागदाच्या पुडीत. सोबत रिकामा पत्र्याचा डबा, पंधरा किलो तेलाचा, झाकण बसवून घेतलेला. मी आणि दादा ते सगळं घेऊन निघायचो. भट्टीवरचे चाचा डालड्याची पिशवी नुसती हातात तोलायचे, काट्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, आणि दर वर्षी तेच म्हणायचे, "घी कम है बिटिया. अम्मा को बोलो, पाव किलो और." की दादा परत घराकडे पळायचा.

एका दिवसात वीस-पंचवीस घरांचा माल भाजून निघायचा. नानकटाई दिसायला सगळ्यांची सारखीच, म्हणून प्रत्येक घराची एक खूण ठरलेली होती. कुणाची मधोमध चारोळी, कुणाची सोड्याच्या बाटलीच्या बुचाचा ठसा, कुणाची काडेपेटीतल्या काडीने ओढलेली रेघ. आमची खूण किल्ली. आजीच्या कमरेची, कोठीच्या कुलपाची पितळी किल्ली. एरवी ती आईच्याही हाती लागायची नाही, पण त्या एका दिवसापुरती आजी ती माझ्या हातात द्यायची. चाचांचा मुलगा गोळा तळहातावर चपटा करायचा आणि किल्लीचं डोकं त्यावर दाबायचा. भाजल्यावर तो ठसा पसरून कैरीच्या कोयीसारखा दिसायचा.

रात्री दहा-अकराला नंबर यायचा. घरी येईपर्यंत डबा गरमच असायचा. आत वर्तमानपत्र घातलेलं असायचं, ते तूप पिऊन इतकं आरपार व्हायचं की मागच्या पानावरची अक्षरं उलटी दिसायची. मी ती उलटी वाचत बसायचे.

आता पुण्यात असते. चांगला ओव्हन आहे, काटा आहे. तेच प्रमाण घेऊन आजवर आठ वेळा केली. वाईट होत नाही, पण ती होत नाही. एक तर पसरते, नाही तर कडक होते. भट्टीवरची वरून तडकलेली असायची, दाताखाली वाळूसारखी मोडायची आणि लगेच विरघळायची. माझं कुठे चुकतंय? आणि तुमच्या गावाला भट्टी होती का?

---

कोरडवाहू

ताई, तेव्हा वर्षातून एकदा मिळायची. आता रोज मिळते. एवढंच कारण आहे.

---

मास्तरीणबाई

कोरडवाहू, पटलं नाही. पुरणपोळीही तेव्हा वर्षातून दोनदाच व्हायची, पण आईसारखी पुरणपोळी आज मला करता येते. भूक सगळं शिकवते हे खरं, पण चव ओळखायला नुसती भूक पुरत नाही.

मी अंबाजोगाईची. आमच्या घरी पाव फक्त आजारपणात यायचा. ताप आला, पथ्य सांगितलं की दूध-पाव. हातात पाव घेऊन कुणी गल्लीतून निघालं की ओट्यावरच्या बायका विचारायच्या, "काय गं, कोण पडलंय घरात?" ज्वारीची भाकरी ही धडधाकट माणसाची, पाव हा अंथरुणातल्या माणसाचा, असा सरळ हिशेब. त्यामुळे पावाच्या वासाबरोबर मला आजही कपाळावरची मिठाच्या पाण्याची पट्टी आठवते. एकदा पाव मिळावा म्हणून मी काखेत कांदा धरून झोपले होते. ताप काही आला नाही, पण कांद्याच्या वासाने आईला सगळं कळलं. तिने काही न बोलता दुसऱ्या दिवशी पाव आणून दिला. तो पाव मी रडत रडत खाल्ला.

सोवळ्याच्या घरांत मात्र पाव स्वयंपाकघरात जात नसे. माझ्या आजोळी तो पडवीतल्या फळीवर, वेगळ्या ताटलीत. "पायाने मळतात म्हणून पाव" हे आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली.

---

हौ_नक्को

मास्तरीणबाई, पायाचा आणि पावाचा काही संबंध नाही. तो शब्द पोर्तुगिजांकडून आला, त्यांच्या भाषेत रोटीला पावच म्हणतात. आमचे दादा तर पाव म्हणायचेच नाहीत, ते 'डबलरोटी' म्हणायचे आणि बेकरीवाल्याला 'नानबाई'. निजामाच्या राज्यात शाळा शिकलेली पिढी ती. बीड-परभणीकडची म्हातारी हिंदू माणसंही हेच शब्द वापरायची, मी स्वतः ऐकलंय.

मी औरंगाबादचा, शहागंजकडचा. आमच्याकडे नान तंदूरमध्ये भिंतीला चिकटवतात, तो नान-खलियाचा नान (खलिया म्हणजे मटणाचा रस्सा). १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, त्याच्या लष्कराबरोबर हे जेवण आलं असं घरोघरी सांगतात. पण पाव, टोस, खारी ही तंदूरची कामं नाहीत, त्यांना भट्टीच लागते. तंदूर उभा, भट्टी आडवी. तंदूरला विस्तव आत असताना भाजायचं, भट्टीला विस्तव बाहेर काढल्यावर. जाईआपा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं इथेच कुठे तरी आहे.

रमझानमध्ये आमच्या मोहल्ल्यातली भट्टी रात्रभर जागी असायची. सहरीच्या आधी गरम बन आणायला अब्बा मला उठवायचे. मी अर्धा झोपेत चालायचो, वास आला की जागा व्हायचो.

---

रसायनी

जाई, एक विचारते. भट्टीच्या तोंडाशी डोळ्यांत पाणी येईल असा उग्र वास यायचा का?

---

जाईचा_वेल

हो! दादा म्हणायचा भट्टीत कुणी तरी मुतलंय. चाचांनी ऐकलं आणि त्याला पाव हातात न देता दारातूनच पिटाळलं होतं.

---

रसायनी

तो अमोनिया. बेकरीत 'अमोनिया' म्हणूनच पांढरी पूड मिळते, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. धग लागली की तिचे तीन भाग होतात, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. तिन्ही उडून जातात, मागे काही राहत नाही. म्हणून बिस्किट फुलतं, तडकतं आणि कोरडं खुसखुशीत होतं. खाण्याच्या सोड्याचा काही अंश मात्र आत राहतो, जास्त पडला तर साबणासारखी चव लागते. अमोनिया फक्त पातळ, कोरड्या भाजायच्या पदार्थाला चालतो. केकसारख्या जाड पदार्थात घातला तर वास आतच अडकतो. तू सोडा घालत असशील तर पहिला फरक तिथे आहे.

दुसरा फरक डालड्यात. तेव्हाचं वनस्पती तूप रवाळ आणि घट्ट असायचं, परभणीच्या उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण वितळायचं नाही. ते ज्या पद्धतीने घट्ट केलेलं असायचं, त्यात ट्रान्स फॅट भरपूर होतं आणि ते हृदयाला वाईट. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. त्यामुळे डब्यावरचं नाव तेच असलं तरी आतलं तूप ते नाही. मी दहावीला विज्ञान शिकवते, ही मर्यादा आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण जुनी चव जुळत नाही त्याला हेही एक कारण आहे.

---

तुराटी

आमची खूण सांगू का? आईच्या बांगडीचा तुकडा. हिरवा. गोळ्यावर अर्धगोल दाबायचा, चंद्र उमटायचा. एका वर्षी तो तुकडा एका नानकटाईतच राहून गेला आणि काकांच्या ताटात निघाला. आजीने जाहीर केलं की घरात सून येणार. पुढच्या वैशाखात काकांचं खरंच लग्न झालं! काकू अजून म्हणते, मला भट्टीवाल्याने आणलं.

---

पूर्णा_जंक्शन

वडील रेल्वेत होते. पूर्णा तेव्हा मीटरगेजचं मोठं जंक्शन. आमच्या क्वार्टरच्या मागेच एक भट्टी होती आणि तिचं घड्याळ गाड्यांवर चालायचं. पहाटेच्या गाडीला पाव चढवायचा असायचा, म्हणून लाडी निघायची ती शिट्टीच्या आधी. गाडी लेट असली की पाव गार व्हायचा आणि मग तो आम्हा पोरांना अर्ध्या किमतीत. लेट गाडीवर इतकं प्रेम करणारी मुलं दुसरीकडे कुठे नसतील.

चहात बुडवायला टोस बरा की बटर, यावर क्वार्टरमध्ये भांडणं व्हायची. माझं मत बटर. ते गोल, कडक, जिऱ्याचं. टोस लवकर तुटतो.

---

मास्तरीणबाई

टोस तुटतो कारण तुम्ही तो फार वेळ बुडवता. दोन मोजायचे आणि बाहेर काढायचा.

---

उदगीरकर

उशिरा धागा पाहिला. माझे वडील पस्तीस वर्षं भट्टीवर होते. मालक नव्हते, उस्ताद होते. मी दहावीपर्यंत रोज रात्री त्यांच्या हाताखाली काम केलंय. जाईताईंच्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

भट्टी म्हणजे विटांचा घुमट. खाली फरशी, वर कमान, बाहेरून मातीचा जाड थर आणि एकच तोंड. संध्याकाळी आत लाकूड पेटवायचं. पेटवायला तुरीच्या तुराट्या नाही तर कापसाच्या पऱ्हाट्या, कारण त्या भडकन धरतात. धगीला बाभूळ. दोन-अडीच तास जाळायचं. कमान आतून आधी काळी होते, मग काजळी जळून पांढरट दिसायला लागते. तसं झालं की भट्टी आली म्हणायचं. मग निखारे आणि राख ओढून बाहेर काढायची, ओल्या पोत्याने फरशी पुसायची आणि तोंड बंद करून थोडं थांबायचं, म्हणजे धग सगळीकडे सारखी होते. वडील मूठभर पीठ फरशीवर फेकायचे. लगेच काळं झालं तर अजून थांब. सावकाश तांबूस झालं तर माल लाव.

इथून पुढे आत जाळ नाही. विटांनी साठवलेली धग आहे आणि ती हळूहळू उतरत जाते. त्या उतरत्या धगीवर माल लावायचा क्रम ठरलेला. पहिल्या तडाख्याला पाव. मग बन. मग खारी. त्यानंतर नानकटाई. आणि सगळ्यात शेवटी टोस. म्हणजे पावाचे काप करून रात्रभर आत ठेवून द्यायचे, सकाळपर्यंत ते हाडासारखे वाळतात. दिवाळीत गावाची नानकटाई असली की पाव कमी लावायचा, कारण डब्यांची रांग दारात उभी असायची.

तर ताई, तुमची नानकटाई पडत्या धगीवर भाजलेली आहे. आत गेली तेव्हा धग जास्त, निघाली तेव्हा कमी. सुरुवातीच्या धगीने वरून तडकते, नंतरच्या मंद धगीने आतून कोरडी होते. घरच्या ओव्हनचं उलटं असतं. तो आकडा धरून ठेवतो. गार झाला की पुन्हा तापतो, पुन्हा बंद होतो. ही धग धापा टाकल्यासारखी येते.

दुसरं, तूप फेसणं. परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताच्या तळाने घासायची, फेसायची. पांढरंशुभ्र झालं की पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघायचा. तरंगला पाहिजे. बुडाला तर अजून फेस. मशीनने हे लवकर होतं, पण तूप गरम होतं आणि मग बिस्किट पसरतं. थंडीत वडील परात भट्टीच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायचे आणि उन्हाळ्यात ओल्या पोत्यावर. मैदा घातल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की कडक झालीच म्हणून समजा.

आणि "घी कम है" हे चाचा खोटं म्हणत नव्हते. दोन किलोला दीड किलो हे प्रमाण बरोबर आहे, पण पिशवीला, हाताला, परातीला तूप लागतं. डबे वीस असतील तर वीस वेळा लागतं. उरलं तर ते पत्र्यांना लावायला.

---

जाईचा_वेल

उदगीरकर दादा, काय बोलू! चाळीस वर्षं मला वाटत होतं की चाचा पाव किलो डालडा स्वतःसाठी काढून घेत असतील. आईही तसंच म्हणायची. आज आई असती तर तिला वाचून दाखवलं असतं.

---

पायवाट

मी धारूर भागातला. हा धागा वाचून दोन दिवस लिहू की नको असं चाललं होतं.

आमच्या गावात हॉटेलात आमची कपबशी वेगळी असायची. खांबाला टांगलेली. आपली आपण विसळून पुन्हा टांगायची. पाणवठा वेगळा होता. पण भट्टीवर डबे एकाच रांगेत लागायचे. माझ्या आईचा डबा पाटलाच्या डब्याच्या पुढे असला तर माल आधी आमचाच निघायचा. भट्टीवाल्याने हे कधी बोलून दाखवलं नाही, तो फक्त नंबर बघायचा. एकदा कुणी तरी डबा पुढे सरकवला. त्याने तो उचलून परत मागे ठेवला आणि पुढचं नाव घेतलं. मी आठ वर्षांचा असेन. डबा सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्याचा तो आवाज मला आजही ऐकू येतो.

आमची खूण सुपारीचा ठसा होती.

---

गोदाकाठचा

पायवाट, लिहिलंत ते फार बरं केलंत. पण सगळीकडे असं नव्हतं. आमच्या गावात काही घरांचा माल शेवटीच लागायचा, नंबर काहीही असो, आणि भट्टीवालाही गावाच्या धाकाने गप्प राहायचा. माझ्या घरचा डबा पुढे असायचा, हे मी आज लिहितोय आणि मला त्याची लाज वाटते. नानकटाई गोड होती म्हणून सगळंच गोड होतं असं व्हायला नको.

---

पायवाट

गोदाकाठचा, खरं आहे. म्हणूनच मला आमचा भट्टीवाला आठवतो.

---

भूमिपुत्र_औसा

आमच्या गावची भट्टी मला वेगळ्याच कारणाने आठवते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत गणपती विसर्जन, सगळे दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही किल्लारीपासून जरा लांब होतो, आमच्याकडे भिंती पडल्या पण माणसं वाचली. त्या वेळी सगळ्या गावात जागे होते ते फक्त भट्टीवाले. पाव काढायची वेळ होती ना. पहिली आरोळी त्यांनीच दिली. घरोघरी दारं बडवत तिघं पळत होते, अंगावर पीठ, तसेच.

उजाडल्यावर कळलं की जवळची गावंच्या गावं माळवदाखाली गाडली गेलीत. धाब्याची घरं, दगड-मातीच्या भिंती, वर दोन-दोन हात माती. हजारो माणसं गेली. भट्टीत त्या पहाटेचा पाव तयार होता. उस्तादांनी तो तसाच पोत्यांत भरला आणि पहिल्या ट्रॅक्टरबरोबर किल्लारीकडे पाठवला. घुमटाला आरपार तडा गेला होता. त्या तड्यात चिखल भरून पुढचे कितीतरी दिवस रात्रंदिवस ती भट्टी चालवली. गावातल्या बायका कणीक मळायला बसल्या. माझी आई होती त्यात, तिने आयुष्यात कधी पाव केला नव्हता.

तो तडा शेवटपर्यंत दिसायचा. नवीन माती जुन्यापेक्षा लाल होती.

---

मास्तरीणबाई

भूमिपुत्र, वाचून हात थांबला. किल्लारीनंतर आमच्या शाळेतून आम्हीही भाकरी बांधून पाठवल्या होत्या. भाकरी दोन दिवसांत वाळायची, टोस मात्र टिकायचा. त्या आठवड्यात अंबाजोगाईत कुठल्याच भट्टीवर टोस शिल्लक नव्हता.

---

कोरडवाहू

मी सुरुवातीला एका ओळीत लिहून मोकळा झालो, मास्तरीणबाईंनी बरोबर टोकलं. आता नीट लिहितो.

माझा बाप सालगडी होता. आमच्या घरून भट्टीवर डबा कधी गेला नाही. दीड किलो डालडा कुठून आणायचा? १९७२ च्या दुष्काळात आई-बाप दोघं खडी फोडायला होते. मी त्यानंतरचा, पण मिलोची (बाहेरच्या देशातून आलेल्या ज्वारीची) लाल भाकरी आणि दुष्काळात वाटलेली सुकडी यांच्या गोष्टी ऐकतच मोठा झालो. दिवाळीत मी मालकाचा डबा डोक्यावर घेऊन जायचो आणि रात्री भरलेला परत आणायचो. वाटेत झाकण उघडायचं नाही असं बापाने बजावलेलं. मी कधी उघडलं नाही. डबा डोक्यावर गरम लागायचा आणि थंडीत ते बरं वाटायचं. घरी पोचलं की मालकीणबाई दोन नानकटाया हातावर ठेवायच्या. एक मी खायचो, एक बहिणीला. त्यांची खूण होती नाण्याचा छाप.

म्हणून मी लिहिलं की वर्षातून एकदा मिळायची. आमच्यापुरतं ते खरं होतं, पण सगळ्यांचं कारण तेच असेल असं नाही.

---

तुराटी

कोरडवाहू दादा, तुमचं पहिलं वाक्य आता परत वाचलं.

---

जालनेकर_परदेशी

एक वेगळा प्रश्न. ज्वारीची नानकटाई कुणी केली आहे का? पाव ज्वारीचा होत नाही, कारण तो फुलायला गव्हातला चिकटपणा लागतो. पण नानकटाईला चिकटपणा नकोच असतो, उलट तो टाळायचा असतो. मग आपल्या मराठवाड्यात ज्वारीचीच का नव्हती?

---

कोरडवाहू

ज्वारी रोज पोटात जायची, तिचं कोण कौतुक करणार? मैदा विकतचा, म्हणून सणाचा. आता उलटं झालंय. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी शक्ती' नावाचं वाण काढलंय, लोह आणि जस्त जास्त असलेलं. मी मागच्या खरिपात दोन एकर पेरलं होतं. बायकोने त्याच्या पिठाची नानकटाई केली, निम्मं ज्वारीचं पीठ आणि निम्मी कणीक. खरपूस झाली. नुसत्या ज्वारीची मात्र हातात धरताच मोडली.

---

जाईचा_वेल

बरेच दिवसांनी येतेय. मधल्या काळात तीनदा करून पाहिली, म्हणून सविस्तर लिहिते.

उदगीरकर दादांचं ऐकून ओव्हनच्या तळाला आणि वरच्या जाळीवर कोऱ्या विटा ठेवल्या. सगळ्यात मोठ्या आकड्यावर एक तास तापवल्या. माल आत घातला आणि ओव्हन बंदच करून टाकला. विटांच्या धगीवर पाऊण तास. दार उघडलं नाही. पहिल्या वेळी खालून लागली, कारण मी 'थोडं थांबायचं' हे विसरले होते. दुसऱ्या वेळी मूठभर पीठ टाकून पाहिलं, तांबूस झालं, मग लावली. रसायनी, सोडा बंद करून पाव किलो मैद्याला चिमूटभर अमोनिया घातला. शेजारच्या वहिनी वासाने विचारायला आल्या. तूप तळहाताने फेसलं, पाण्यावर थेंब तरंगेपर्यंत. त्याला अर्धा तास लागला आणि खांदा भरून आला.

बाहेर काढली तेव्हा मऊ होती, दाबली तर बोट रुतेल अशी. पूर्वी मी इथेच घाबरून परत आत ढकलायचे. या वेळी हात लावला नाही. गार झाल्यावर तडे बसले. तिसऱ्या वेळची सकाळी खाल्ली. मोडली, विरघळली. डालड्याचा तो रवाळपणा नाही, पण जायफळाचा वास आणि वाळू तीच. आजीची किल्ली माझ्याकडे नाही, वहिनींच्या तिजोरीची मागून आणली होती.

मग दादाला फोन केला. तो गावातच असतो. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा, तोच किल्ली दाबणारा, आता मोंढ्याजवळ दुकान चालवतो आणि माल विजेच्या भट्टीत काढतो. पण गिरणीजवळची जुनी भट्टी त्याने पाडलेली नाही. आत सरपण भरून ठेवलंय. दादाने त्याला हा सगळा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, "कमान दुरुस्त करतो. पण थंड पडलेली भट्टी तापवायला दोन दिवस लाकूड जाळावं लागेल. एका डब्यासाठी परवडत नाही. बारा डबे जमवा, वसुबारसेच्या आदल्या दिवशी पेटवतो."

तर कोण कोण येतंय? माझा एक डबा. खूण किल्ली. दादा म्हणतो, खरी किल्ली कोठीवरच आहे.

---

तुराटी

माझा एक. हिरव्या बांगडीचा तुकडा. काकूला घेऊन येते.

---

हौ_नक्को

हौ. एक डबा माझा. आमच्या अम्मीची खूण लवंग टोचलेली असायची.

---

पूर्णा_जंक्शन

एक. गाडीने मानवत रोडला उतरतो, तिथून कुणी तरी न्यायला या. खूण इंजिनाच्या चाकासारखी, बटणाचा ठसा.

---

उदगीरकर

डबा नाही आणत, हात आणतो. भट्टी लावायला दोन माणसं लागतात. आधी दोन दिवस येऊन राहीन. तूप प्रत्येकाने पाव किलो जास्त आणावं.

---

पायवाट

एक डबा. सुपारी.

---

मास्तरीणबाई

गुडघे बरे असले तर नक्की. नसले तरी डबा पाठवते. खूण नवीन हवी, आमच्या घरून पूर्वी कधी डबा गेला नव्हता. 'श्री' काढता येईल का काडीने?

---

रसायनी

एक. नवीन वनस्पती तूप आणि साजूक तूप दोन्ही आणते, अर्धा-अर्धा करून बघू.

---

भूमिपुत्र_औसा

दोन डबे. एक आईचा.

---

गोदाकाठचा

एक. रांगेत सगळ्यात शेवटी लावा.

---

जाईचा_वेल

दहा झाले. कोरडवाहू दादा, तुमचा धरते आहे. खूण सांगा.

---

कोरडवाहू

आमची खूण कधी नव्हतीच, त्यामुळे दोन दिवस विचार करत होतो. बाप पेरणीला चाड्यावर, म्हणजे तिफणीवरच्या दाणे सोडायच्या वाट्यावर, मूठ धरायचा. गावात त्याच्यासारखी मूठ कुणाची नव्हती, दाणा सारखा पडायचा. ते चाडं माझ्याकडे आहे. त्याला खाली तीन भोकं आहेत, तिफणीच्या तीन नळ्यांची.

तीन भोकं दाबा. बोटाने नको, बारीक काडीने. मैदा निम्मा आणतो, निम्मी ज्वारी.